डोक्यावरून पाड्यावर गेलेली खोली

त्र्यंबक ओलांडेपर्यंत रस्ता आपल्या ओळखीचा असतो. भक्तनिवास, लॉन्स, प्रसादाची दुकाने, पार्किंगसाठी हात करणारी मुले. अंबोली मागे पडली की दुकाने संपतात, तोरंगणचा घाट लागतो आणि गाडीतली माणसे आपोआप गप्प होतात. जन्मभर नाशिकमध्ये राहूनही हा घाट मी कधी उतरलो नव्हतो. माझी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. प्रवास बहुतेक वाचून झाला. घाट उतरणारी आमच्या घरात माधवी होती.

माधवी, माझी पत्नी, इंजिनिअर. नाशिकजवळच्या एका कारखान्यात ती तयार खोल्यांचे आराखडे करत असे. पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली. तिने आखलेली शेवटची खोली मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीसाठी जायची होती. पाऊस सरला, भात कापून झाले आणि कारखान्याच्या फोरमनचा, दिनेशचा फोन आला. "सर, मॅडमची खोली उभी करायला निघालोय. येता का?" मी हो म्हणालो. असे चटकन हो म्हणायची मला सवय नाही.

दिनेश गाडीत पुढे बसला होता आणि वाटेत दिसेल ते दाखवत होता. हे गोदाम पॅनेलचे, हा ढाबा पॅनेलचा, ती रस्त्याच्या कामावरची ऑफिसे, तीही तशीच. एकदा सांगितल्यावर मलाही दिसू लागली. पूर्वी पेट्रोल पंपावरची केबिन तेवढी अशी असायची. आता शाळेचे वर्ग, वसतिगृहे, हॉटेलांचे वरचे मजले, सगळे कुठेतरी तयार होते आणि ट्रकमधून जागेवर येते.

"पुढे सगळं हेच होणार, सर," दिनेश म्हणाला. "वाळू नको, वीट नको. गवंडी तर मिळतच नाही. नट आवळला की भिंत."

"आणि टिकतं?"

"मॅडमचं टिकतं," तो म्हणाला.

खोडाळ्याच्या पुढे

ट्रक डांबर संपेपर्यंत आला. तिथून पाड्यापर्यंत पायवाट होती, चढाची. पाड्यावरची माणसे आधीच येऊन थांबली होती. पॅनेल म्हणजे पत्र्याचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. दाराएवढे रुंद, दारापेक्षा उंच. वजन फार नाही, पण आकार अडचणीचा. बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दोघी-दोघींनी एकेक पॅनेल उचलले. पुरुषांनी खांद्यावर लोखंडी खांब घेतले. मी पाण्याची बाटली घेतली. तीही कुणीतरी काढून घेतली.

घर बांधायला माणसे जागेवर जातात, एवढे मला ठाऊक होते. इथे घरच माणसांच्या डोक्यावरून चालत निघाले होते. कापलेल्या शेतांचे पिवळे टप्पे, त्यांच्या बांधावरून जाणाऱ्या पांढऱ्या भिंती आणि भिंतींखाली नुसते पाय. एका वळणावर दरीतून वारा आला आणि मधले पॅनेल शिडासारखे फिरले. खालच्या दोघी त्याच्याबरोबर बांधाच्या कडेला ओढल्या गेल्या.

"धर, यमुने, धर!" मागून एक तरुण ओरडला. "घर घेऊन कुठं निघालीस? भिवंडीला?"

"तूच जा भिवंडीला," पॅनेलखालून आवाज आला. "मी घरातच हाय."

सगळी रांग हसली. ओरडणारा सुनील होता आणि पॅनेलखाली त्याची बायको यमुना. सुनील आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला आहे. लावणी आणि कापणी सोडली तर तो भिवंडीकडे गोदामांच्या शेड उभारायला जातो. उंचावर चढून बोल्ट आवळायचे काम. या खोलीसाठी मात्र तो मुद्दाम थांबला होता. त्याची मुलगी जाते ती अंगणवाडी सध्या कुणाच्या तरी ओट्यावर भरते.

आमची उतरायची सोय सोनीआजीच्या घरी होती. तिने मला बराच वेळ न्याहाळले. इथली म्हातारी माणसे पाहुण्यालाही 'तू' म्हणतात. आमच्याकडे तो उद्धटपणा ठरेल. इथे ते ऐकताना काही वाटत नाही, उलट मधली एक पायरी कमी होते.

"तू त्या मापवाल्या बाईचा नवरा?"

"हो."

"माझ्याकडं भाकर खाऊन गेली ती. खुरसणीची चटणी लागली तिला. डोळ्यांतून पाणी काढलं, पण सोडली नाय. कुठं हाय ती?"

"वारली. पावसाच्या आधी."

आजीने मान हलवली. ताट माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाली, "बस, मास्तर. जेव." मी मास्तर नाही हे सांगावेसे वाटले नाही. ताटात नाचणीची भाकरी होती, उडदाची आमटी आणि तीच, म्हणजे कारळ्याची, चटणी. काळी, तेलकट, आधी खमंग आणि मागून जाळ. माधवीला तिखट सोसत नसे. तिने ती का सोडली नसेल, हे मला कळले.

देवाची वीत

सकाळी दिनेशने जोत्यावर टेप धरली आणि दुसऱ्यांदा धरली.

जोते पाड्यावरच्या लोकांनी बांधले होते, काळ्या दगडाचे. काम नीटनेटके होते. फक्त एका कोपऱ्यात ते वीतभर आत आले होते.

"हे असं का?" दिनेशने विचारले.

"तिथं देव हाय ना," सुनील म्हणाला.

कोपऱ्याबाहेर गुडघ्याएवढा एक दगड होता, शेंदूर लावलेला.

"मग सांगायचं नाही का आम्हाला?"

"त्यात सांगायचं काय? देव दिसतो ना."

"मॅडमना नाही दिसला."

"मागल्या साली आल्या त्या, तवा गवत व्हतं डोक्याएवढं." सुनीलने दगडाकडे आणि मग जोत्याकडे हात केला. "दिनेशभाऊ, देव हालणार नाय. म्हणून जोतं हाललं."

कुणाची चूक म्हणावी? मोजून गेलेल्या बाईला गवतातला देव दिसला नाही, आणि ज्यांना तो रोज दिसतो त्यांना तो सांगण्यासारखा वाटला नाही. खोली दुसऱ्या बाजूला सरकवावी तर तिकडे खळे. मळणी चालू होती, भाताचे भारे रचलेले होते. नवे पॅनेल कारखान्यातून मागवायचे तर माणसे आणि ट्रक इतके दिवस अडवता येत नव्हते. दिनेशने दोन-तीन फोन केले. शेवटी खोडाळ्यातल्या एका ग्रिल करणाऱ्याकडून ग्राइंडर आणि जनरेटर आणवला. पॅनेल आणि खालची लोखंडी पट्टी, दोन्ही वीतभर कापायची ठरली.

"मी कापतो," सुनील म्हणाला. "तिकडं रोजचंच हाय."

पत्रा कापताना ग्राइंडरचा आवाज दातांत जातो. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. ठिणग्यांचा पंखा खळ्याच्या बाजूला जात होता आणि बायका हसत, ओरडत भाताचे भारे मागे ओढत होत्या. मग आवाज थांबला. सुनीलने ग्राइंडर खाली ठेवला होता आणि तळहात उजव्या डोळ्यावर दाबला होता.

"काय झालं रे?"

"काय नाय. कण गेला."

यमुनाने पाणी आणले नाही, फडके आणले नाही. तिने खळ्याकडे तोंड करून हाक मारली, "आजी!"

पुढचे मी पहिल्यांदाच पाहिले. मळणीच्या दिवसांत भाताचे तूस, कुसळ कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात जातेच. ते काढायचे काम सोनीआजीचे. तिने चूळ भरली, सुनीलला खाली बसवले, अंगठ्याने वरची पापणी उचलली आणि जिभेचे टोक डोळ्यावरून फिरवले. तिचे डोळे मिटलेले होते. मग तिने तळहातावर थुंकून दाखवले. काळा ठिपका होता.

"गेलं."

सुनीलने डोळा उघडझाप केला. "गेलं," तो म्हणाला आणि ग्राइंडर उचलला.

यमुनाने सांगितले ते

दुसऱ्या दिवशी देवाकडची सोडून बाकीच्या भिंती उभ्या राहिल्या; तिच्या खालची पट्टी अजून कापायची होती. हे काम बघायला शांत असते. खांब उभा करायचा, पॅनेल खाचेत सरकवायचे, बोल्ट घालायचा, आवळायचा. दुपारपर्यंत मोकळ्या हवेचा आत आणि बाहेर झाला. आत उभे राहून मी समोरच्या डोंगराकडे पाहिले. खिडकीची उंची इतकी कमी का, हे आधी कळले नाही. मग कळले की ती माझ्यासाठी नाही, लहान मुलांसाठी आहे.

सुनील पाना लावताना चुकत होता. बोल्टच्या शेजारी पाना जाई, मग परत येई.

"काय रे, रात्री बसला होतास काय कुठं?" दिनेशने चिडवले.

"झोप नाय झाली."

तो उन्हाकडे पाठ करूनच काम करत होता. मी चहा आणायला गेलो तेव्हा चुलीपाशी यमुना एकटी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "डोळ्यातनं पाणी थांबत नाय त्याचं. उशी भिजली."

"दिनेशला सांगितलं?"

"सांगू नको म्हणतो. आजीनं काढलं ते समद्यांनी पाह्यलं. आता नाय निघालं म्हणलं तर आजीचं काय राहील?" तिने लाकूड आत सारले. "आन् डोळा गेला तर? एका डोळ्याच्या माणसाला वर कोण चढवील तिकडं?"

माझ्या स्वभावात दुसऱ्याच्या घरात बोलणे नाही. तरी मी सुनीलकडे न जाता आजीकडे गेलो. ती खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो आणि कसे सांगावे याचा विचार करत राहिलो.

"काय हाय, मास्तर? पोटात दुखतं का?"

"आजी, सुनीलचा डोळा अजून गळतोय."

तिचे सूप थांबले. ती उठली, सरळ जोत्याकडे गेली, सुनीलचे मनगट धरून त्याला उन्हात आणले आणि पापणी उचलली. तो टाळत होता. तिने त्याच्या कानावर एक चापट मारली. बराच वेळ बघितले.

"हाय अजून," ती सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाली. "बुबुळाला चिकटलाय."

"मंग काल काय काढलंस तू?" भाऱ्यामागून एक म्हातारा म्हणाला. "उवा?"

हशा पिकला नाही. आजीने त्याच्याकडे बघितलेही नाही. "रंगाचा टवका असंल," ती म्हणाली. "तुसासारखं हालत नाय हे. जा, गाडीत बस."

"आजी, छपराचं राह्यलंय..."

"भिंत पळून जाते का तुझी? बस गाडीत."

जव्हार

पाड्यावरून जव्हारला जाताना चढ आणि उतार सारखेच येतात. गाव पठारावर आहे आणि हवा एकदम मोकळी होते. जुने संस्थानचे गाव, आता आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे, एसटीचे आणि बाजाराचे. काजू विकणारे होते, शाळेतून सुटलेली मुले होती. यातले बरेचसे मी दुसऱ्या दिवशी पाहिले. त्या दुपारी आम्ही सरळ सरकारी रुग्णालयात गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर त्या दिवशी होत्या.

त्यांनी सुनीलची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि दिवा लावला.

"लोखंड आहे. गंज धरलाय भोवती. चष्मा नव्हता घातला?"

"तसं साइटवर कटिंगच नसतं, मॅडम," दिनेश म्हणाला.

"मग हे काय भाकरीतून आलं?"

डॉक्टरांनी विचारले, कुणी काढायचा प्रयत्न केला का. सुनील बोलेना. मी सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण हात थांबला.

"तूस वर तरंगतं. लोखंड गरम येतं आणि रुततं, ते जिभेनं नाही येत. आणि तोंडातले जंतू त्या जखमेत गेले असले तर डोळाच जाऊ शकतो. आत्ता कण काढते. तासातासाला थेंब घालायचे. उद्या सकाळी बुबुळावर पांढरं दिसलं तर नाशिकला न्यावं लागेल. नाही दिसलं तर उरलेला गंज इथेच काढू."

आत सुईने कण काढत असताना आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. दिनेश बोटांची नखे तपासत होता.

"सर, कारखान्यात मशीनवर चष्म्याशिवाय कुणी उभं राहू शकत नाही. मॅडमच घरी पाठवायच्या. पण साइटच्या पेटीत चष्मे कधी जात नाहीत. हेल्मेट जातं, हातमोजे जातात. मॅडम म्हणायच्या, साइटवर काही कापायचं नाही. कापायचंच नाही तर चष्मा कशाला? असं होत गेलं."

मला त्या नियमाची सुरुवात माहीत होती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माधवीच्या समोर एका कामगाराचा डोळा ग्राइंडरने गेला होता. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि जेवली नाही. त्याबद्दल ती क्वचितच बोलली, पण तिच्या सगळ्या खोल्या तिथून निघाल्या. जे कापायचे ते कारखान्यात, जाळीमागे, चष्मा घालून. डोंगरावर जाईल तो फक्त बोल्ट. हे मी दिनेशला सांगितले.

दिनेशने नखांवरून नजर वर केली. "आम्हाला वाटायचं, मॅडमना मापात चुकलेलं चालत नाही म्हणून."

"तेही खरंच होतं."

तो हसला आणि मग थांबला. "त्या गेल्यापासून त्यांचं कुणी काही बदलत नाही, सर. बोल्टसुद्धा त्याच कंपनीचा. आता पेटीत चष्मे घालायचे म्हणजे त्यांचा शब्द मोडल्यासारखं..."

"घाला," मी म्हणालो.

एवढ्यावर तो माझ्याकडे बघत राहिला, आणखी काही येईल म्हणून. आणखी काही नव्हते. तिचा शब्द डोळ्यांसाठी होता. तो तसाच ठेवून डोळा घालवला तर तो तिचा राहिला नसता. पण हे वाक्य मला आत्ता, लिहिताना सुचते आहे.

बाजारात हार्डवेअरच्या दुकानात चष्मे मिळाले. दुकानदार वयस्क आणि मिश्किल होता. "घ्या, चांगले आहेत. कपाळावर छान दिसतात. सगळे तिथंच घालतात."

सुनील पट्टी बांधून लॉजवर बसला. थेंब घालायचे काम आम्ही वाटून घेतले. दर वेळी तो विचारे, "पांढरं दिसतं का?" आणि दर वेळी आम्ही दोघे वाकून बघत असू, जणू आम्हाला कळणार होते. मुलीबद्दल तो बोलला, भिवंडीच्या शेडबद्दल बोलला, आजीबद्दल एकदाच. "तिला वाईट वाटलं असंल." मी म्हणालो, तिनेच तर तुला पाठवले. "तेच ना," तो म्हणाला.

सकाळी डॉक्टरांनी यंत्रात बघितले, फारच सावकाश. "नाही," त्या म्हणाल्या. "पांढरं नाही." मग त्यांनी उरलेला गंज काढला. डाग राहील, पण काठाला. नजरेच्या मध्यावर नाही. रात्री दिव्याभोवती थोडे पसरट दिसेल. चांगला डोळा झाकून त्यांनी त्याला भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. आश्रमशाळेत वर्गापुढे उभे राहून वाचावे तसा तो वाचत गेला, मोठ्याने, खालून दुसऱ्या ओळीपर्यंत. तिथे अडखळला.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "चढशील वर. पण पंधरा दिवस ग्राइंडर नाही. आणि आजीला म्हणावं, डोळ्याला जीभ नको. तूस असलं तरी. स्वच्छ पाणी सोडा."

परत पाड्यावर

आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर मळणी चालूच होती. आजी सूप घेऊन बसली होती. तिने सुनीलला हाक मारली नाही. तोच गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, तुझ्या जिभेनं कधी लोखंड चाखलं नाय, म्हणून कळलं नाय."

"दिसतं का तुला?" ती म्हणाली.

"दिसतं."

"मंग बास."

त्याने डॉक्टरांचा निरोप सांगितला, डोळ्याला जीभ नको, तूस असले तरी नको. आजीने सूप जोरात पाखडले. बाकीच्या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या. सगळ्यांनी ऐकले होते.

जोत्यावर लोखंडी पट्टी कापायची राहिली होती. दिनेशने स्वतः ग्राइंडर घेतला. नवा चष्मा कपाळावर होता.

"ए," आजी बसल्या जागेवरून ओरडली, "ते काचेचं कपाळाला काय बघतंय?"

दिनेशने निमूटपणे चष्मा खाली ओढला. ठिणग्या उडाल्या, पट्टी कापली गेली, आणि शेंदराच्या दगडापासून वीतभर सोडून शेवटची भिंत बसली. छपरात सगळी दुपार गेली. खोली झाली तेव्हा कुणीतरी नारळ फोडला. मी आत एकदा फिरून आलो, भिंतीला हात लावला. ऊन असूनही ती गार होती.

बाहेर आलो तर यमुना खळ्याच्या मधोमध पदराने डोळा चोळत उभी होती. भारा झोडपताना कुसळ गेले होते. इतर दिवशी तिने नुसती हाक मारली असती. आज ती थांबली. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यावर पट्टी होती आणि सगळे खळे तिच्याकडे बघत होते. मग ती चालत आजीपुढे गेली आणि खाली बसली.

"भाताचं हाय ना?" आजीने विचारले.

"भाताचं."

आजीने सवयीने चूळ भरायला तांब्या उचलला, मग तो तसाच हातात धरला. तिने अंगठ्याने यमुनाची पापणी उचलली आणि तांब्यातून बारीक धार सोडली. पाणी गालावरून, मानेवरून, पोलक्यात गेले. यमुना हसायला लागली.

"हालू नको. गेलं?"

"नाय अजून."

"जिभेनं एका दमात निघालं असतं," आजी म्हणाली. आणि उठून दुसरा तांब्या तिने स्वतःच भरून आणला.